सट्ट्यावर घर चालवायचं, तर आधी हिशेब मांडू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. वय 33, नाशिकजवळच्या कारखान्यात नोकरी, हातात महिन्याला 36 हजार. घरी पत्नी, आई आणि यंदा पहिलीत जाणारी मुलगी. गेल्या आठ महिन्यांत क्रिकेटच्या सामन्यांवर फोनवरून एका बुकीकडे 210 वेळा पैसे लावले. दर वेळी पाच हजार, भाव 90 पैशांचा, म्हणजे लागलं तर साडेचार हजार सुटणार आणि गेलं तर पाच हजार जाणार. 120 वेळा लागलं, 90 वेळा गेलं, हातात 90 हजार उरले. आता नोकरी सोडून हेच पूर्णवेळ करावं, आणि कायद्याची भीती नको म्हणून हळूहळू घोड्यांच्या रेसकडे वळावं, असं मनात आहे. घर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोण, तेही सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. 1994 ते 2009 अशी पंधरा वर्षं मी महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर एका परवानाधारक बुकमेकरकडे पेन्सिलर होतो. बुकमेकर भाव पुकारतो, पैसे घेतो. पेन्सिलर शेजारी उभा राहून प्रत्येक पैज शीटवर उतरवतो आणि कोणता घोडा आला तर आपल्याला किती द्यावे लागतील, याची बेरीज सतत डोक्यात ठेवतो. त्यानंतर आजवर पुण्यात कर सल्लागार म्हणून काम करतो. रेसला जाणाऱ्या काही लोकांची विवरणपत्रं अजूनही माझ्याकडे येतात. म्हणजे पैज लागताना आणि तिचा कर भरताना, दोन्ही वेळा मी टेबलाच्या या बाजूला बसलेलो आहे.

तुमच्या परिस्थितीत माझं उत्तर नाही असंच आहे. पण ‘जुगारात कोणीच जिंकत नाही’ हे लोक सांगतात ते कारण मी देणार नाही, कारण ते खरं नाही. जिंकणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रश्न जिंकण्याचा नाहीच. जिंकण्यातून महिन्याच्या महिन्याला ठराविक रक्कम घरात आणता येते का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो फार वेगळा आहे.

आधी तुमचे 90 हजार बघू. 210 पैजांत 120 बरोबर, म्हणजे शंभरात 57. आकडा चांगला आहे. पण एखाद्याने क्रिकेटचं काहीही न कळता नुसतं नाणं उडवून 210 वेळा पैसे लावले, तर 120 किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनाच्या आसपास असते. दोन म्हणजे नगण्य वाटतात. पण तुमच्यासारखे शंभर जण गेले आठ महिने लावत असतील, तर निव्वळ नशिबाने त्यातले दोघे आज तुमच्याइतकेच पुढे असतील. नोकरी सोडू का, हा प्रश्न तेच दोघे विचारतात. उरलेले गप्प बसतात, घरी खोटं बोलतात किंवा पतपेढीत अर्ज भरत असतात. तुम्हाला खरोखर खेळ कळतो की तुम्ही त्या दोघांपैकी आहात, हे 210 पैजांवरून मला सांगता येत नाही. तुम्हालाही येत नाही.

रिंगमध्ये, म्हणजे रेसकोर्सवर बुकमेकर पैजा घेतात त्या जागेत, आम्ही हे ओळखायचो, पण जिंकण्यावरून नाही. एखादा माणूस सलग चार रेस जिंकला तरी माझे मालक शांत असायचे. ते अस्वस्थ व्हायचे ते वेगळ्या माणसामुळे. तो रुपयाला तीनचा भाव असताना लावून जायचा आणि दहा मिनिटांनी, घोडे स्टार्टिंग गेटला पोचेपर्यंत, तोच भाव सगळ्या रिंगमध्ये दोनवर आलेला असायचा. एकदा नाही, आठवड्यामागून आठवडे. तो घोडा हरला तरी मालक मला म्हणायचे, ‘याचं नाव लक्षात ठेव.’ कारण बाजाराला जे नंतर कळतं ते त्याला आधी कळत होतं. तुम्ही लावल्यानंतर सामना सुरू होईपर्यंत भाव कुठे सरकतो, हे तुम्ही कधी लिहून ठेवलंय का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

आता भाव कसा बांधला जातो ते बघा, कारण सगळं तिथून सुरू होतं. समजा पाच घोड्यांची रेस आहे. फळ्यावर भाव आहेत रुपयाला दीड, दोन, चार, सहा आणि दहा. या प्रत्येक भावात एक शक्यता दडलेली असते. दीडच्या भावात 40 टक्के (लागलं तर रुपयाचे अडीच परत, म्हणून एक भागिले अडीच), दोनच्या भावात 33.3, चारच्या 20, सहाच्या 14.3, दहाच्या 9.1. बेरीज करा, 116.7 येते. खऱ्या शक्यतांची बेरीज शंभरच असू शकते. वरचे 16.7 बुकमेकरचे. सगळ्या घोड्यांवर योग्य प्रमाणात पैसे आले, तर तो 116 रुपये 70 पैसे गोळा करून 100 देतो, कुठलाही घोडा येवो. माझ्या शीटवरची बेरीज म्हणजे हेच काम होतं: कुठल्या घोड्यावर जास्त पैसे चढले, त्याचा भाव उतरवा, कुठे कमी आले, तिथे चढवा. तुमच्या क्रिकेटच्या 90 पैशांच्या भावात हीच गोष्ट साध्या रूपात आहे. बरोबरीत सुटायलाच तुम्हाला शंभरात 52.6 वेळा बरोबर यावं लागतं. त्याच्या वर जे येईल ते तुमचं.

‘ते तुमचं’ म्हणालो खरा, पण इथे माझा दुसरा धंदा मध्ये येतो.

आयकर कायद्याखाली घोड्यांच्या शर्यती, लॉटरी, पत्ते आणि कुठल्याही प्रकारच्या पैजेतून जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के उपकर. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी लागू. आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत, खर्चही नाही. पैज बेकायदा असली म्हणून कर सुटतो असंही नाही. ऑनलाइन खेळांसाठी 2023 मध्ये निव्वळ जिंकलेल्या रकमेचं वेगळं कलम आलं, पण ते तुमच्या फोनवरच्या बुकीला लागू होत नाही आणि रेसकोर्सलाही नाही. आता तुमचेच आकडे घ्या. 120 वेळा साडेचार हजार, म्हणजे जिंकलेले 5 लाख 40 हजार. त्यावर 31.2 टक्क्यांनी कर 1 लाख 68 हजार 480. हरलेले साडेचार लाख कायदा बघतच नाही. तुमच्या हातात उरले होते 90 हजार. नियमाप्रमाणे कर भरला तर तुम्ही 78 हजार 480 रुपयांनी खाली आहात.

हा आकडा कृपया कागदावर स्वतः मांडून बघा. तुमचे चांगले आठ महिने हे प्रत्यक्षात तोट्याचे आठ महिने आहेत. 90 पैशांच्या भावात हा कर भरून बरोबरीत सुटायला शंभरात जवळपास 62 वेळा बरोबर यावं लागतं. पंधरा वर्षांत तसा माणूस मी पाहिलेला नाही. ‘कर कोण भरतो?’ असं तुम्ही म्हणाल. म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मग हे उत्पन्न तुम्ही कुठेच दाखवू शकत नाही. घराच्या कर्जाला नाही, मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला नाही, आणि बँकेत वारंवार रोकड भरली तर एक दिवस नोटीस येते. माझ्याकडे अशा नोटिसा घेऊन आलेली माणसं नवऱ्या-बायकोच्या जोडीने येतात, आणि बहुतेक वेळा बायकोला रक्कम माझ्या टेबलावर पहिल्यांदा कळते. ती दुपार मला नको वाटते.

क्रिकेटच्या पैजेला आपल्याकडे कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने देशभर बंदीचा कायदा केला. पण तुम्हाला पोलिसांपेक्षा जवळची अडचण वेगळी आहे: जिंकलेले पैसे मिळण्याची हमी नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करार रद्दबातल असतो, वसुलीसाठी दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर 1865 पासून पैजेशी जोडलेले करारसुद्धा त्यात धरलेत. तुम्ही आज पाच हजार लावता म्हणून तुमचा बुकी वेळेवर देतो. घर चालवण्यासाठी वीस हजार लावू लागलात आणि सतत जिंकू लागलात, की तो आधी रक्कम कापेल, मग हिशेब पुढच्या सोमवारवर ढकलेल, मग फोन उचलणार नाही. सतत हरणाऱ्याला मात्र तो उधारीवर खेळू देईल. वसुलीला तो कोर्टात जात नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

म्हणून तुम्ही घोड्यांकडे बघताय. कायद्याच्या दृष्टीने बरोबर बघताय. परवाना असलेल्या मैदानावरची रेस हा आपल्या कायद्यातला अपवाद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला आहे. मला त्या खेळाबद्दल आजही मनापासून प्रेम आहे. सकाळी सहाला पुण्याच्या कॅम्पातल्या ट्रॅकवर पावसात ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघणं, कोणता घोडा शेवटच्या दोनशे मीटरला स्वतःहून खेचतोय आणि कोणाला जॉकी ढकलतोय ते ओळखणं, यात खरंच विद्या आहे. पण आज त्या विद्येवर जीएसटी बसलाय. पैजेच्या पूर्ण रकमेवर, जिंका किंवा हरा. 2017 पासून 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. हजाराच्या पैजेला चौदाशे मोजायचे आणि बरोबरीच्या, म्हणजे रुपयाला रुपया, भावाने लागलं तर दोन हजार परत. कर वरून घेतला काय किंवा रकमेच्या आतून कापला काय, गुणोत्तर तेच राहतं. नुसतं बरोबरीत सुटायला शंभरात 70 वेळा बरोबर यायला हवं. वर आयकर वेगळा. माझ्या काळात जीएसटी नव्हता, तेव्हाही जे जेमतेम जमत होतं, ते आज कायदेशीर मार्गाने जमणार नाही असं मी ठामपणे म्हणतो.

आता समजा, यातलं काहीच नाही. कर नाही, बुकी प्रामाणिक आहे, आणि तुम्ही खरोखर हुशार आहात. मग?

उलाढालीच्या तीन टक्के दीर्घकाळ सुटत असतील, म्हणजे लावलेल्या शंभर रुपयांमागे सरासरी तीन, तर तो माणूस माझ्या लेखी फार वरचा. घरखर्च चाळीस हजार धरला तर वर्षाला 4 लाख 80 हजार लागतात. तीन टक्क्यांनी ते मिळवायला वर्षात 1 कोटी 60 लाखांच्या पैजा लावाव्या लागतील. वर्षाला 800 पैजा धरल्या, आठवड्याला पंधरा, तर प्रत्येक पैज वीस हजारांची. आणि एका पैजेत भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त लावायचं नाही, हा जुना नियम पाळला तर भांडवल हवं वीस लाख. तुमच्याकडे जमा आहेत तीन लाख, आणि नोकरी सोडली तर भविष्य निर्वाह निधीचे अडीच लाख येतील, असं तुम्ही लिहिलंय.

वीस लाख कुठून आणले असं धरू. तरी आठशे पैजांत नशिबाचा चढउतार इतका मोठा असतो, की असा खरोखर हुशार माणूससुद्धा दर पाच वर्षांत एक वर्ष तोट्यात काढतो. महिन्यांचं बघितलं तर शंभरातले चाळीस महिने तोट्याचे. सरासरी चाळीस हजार मिळवणाऱ्याचा एखादा महिना दोन लाख वर जातो, तर दुसरा सव्वा लाख खाली. यात त्याने काहीही चूक केलेली नसते. आणि तुमच्या साडेपाच लाखांवर? त्याच्या एक टक्क्याने, साडेपाच हजारांच्या पैजांनी, महिन्याला सरासरी अकरा हजार सुटतील, घर चाळीस मागेल. दर महिन्याला एकोणतीस हजार भांडवलातून जातील. सगळं अगदी सरासरीप्रमाणे झालं तरी एकोणीस महिन्यांत डबा रिकामा.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. आकडे तुम्हाला कुठेही मिळतील, हे मिळणार नाही.

2003 सालची. मी तेव्हा नऊ वर्षं रिंगमध्ये होतो आणि दोन हंगाम स्वतःच्या नावावर थोडं थोडं लावत होतो. बरं चाललं होतं. मी आठवड्यात दोन, फार तर तीन पैजा लावायचो. ज्या घोड्याचं सकाळचं काम स्वतः पाहिलंय, ज्याला वाहायला दिलेलं वजन मागच्या रेसपेक्षा उतरलंय, आणि ज्याच्याबद्दल रिंगमध्ये कोणी बोलत नाहीये, त्याच्यावरच. पुष्कळ रविवार मी एक रुपयाही न लावता घरी आलो. मुंबईचा हंगाम एप्रिलअखेर संपला. पुण्याचा जुलैत सुरू होणार. मधले दोन महिने आपल्याकडे रेस नसते, आणि आमचं काम रेसच्या दिवसांचं, त्यामुळे पगारही आखडता. आणि आपल्या घरात मोठे खर्च नेमके तेव्हाच येतात. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, पावसाळ्यापूर्वीची बेगमी, छपराची डागडुजी.

मुलाची फी दहा जूनपर्यंत भरायची होती. मी उटी आणि बेंगळुरूच्या रेसवर लावायला लागलो. त्या घोड्यांचं ट्रॅकवर्क मी कधी पाहिलं नव्हतं, तिथले जॉकी कसे चालवतात ते मला माहीत नव्हतं. एरवी मी त्या रेस बघितल्यासुद्धा नसत्या. पहिल्या आठवड्यात थोडं गेलं. मग ते भरून काढायला पैज दुप्पट. तारीख जवळ येत गेली तसतसा मी घोडा कसा आहे ते बघायचं सोडून, कुठल्या भावात लागला तर फीची रक्कम पुरी होईल ते बघायला लागलो. घोड्याला तुमच्या मुलाची फी माहीत नसते. जूनच्या पहिल्या शनिवारी सगळं भांडवल संपलं. फी माझ्या सासऱ्यांनी भरली. त्यांनी एक शब्द विचारला नाही, आणि ते मला अजून लागतं.

माझी विद्या त्या दोन महिन्यांत कमी झाली नव्हती. माझ्याकडे तोवर जी एकच खरी ताकद होती, न लावण्याची मोकळीक, ती घराने काढून घेतली. बुकमेकरला प्रत्येक रेसचा भाव पुकारावा लागतो, तो नाही म्हणू शकत नाही. पंटर, म्हणजे पैज लावणारा, नाही म्हणू शकतो, आणि त्याचा सगळा फायदा तिथेच असतो. शंभर भावांतले पाच चुकलेले असतात, ते येईपर्यंत थांबता येणं, इतकीच ती कला. ज्या दिवशी एक तारखेला किराणा, पाच तारखेला हप्ता आणि दहा तारखेला फी त्याच पैशातून भरायची ठरते, त्या दिवशी थांबणं संपतं. तुमच्या 57 टक्क्यांचा उगम कदाचित यातच असेल: तुमचा पगार येत होता, म्हणून तुम्हाला आवडेल तोच सामना निवडता येत होता. आठ महिन्यांत 210, म्हणजे दिवसाला एकही नाही. नोकरी सोडलीत तर दिवसाला दोन-तीन लावाव्या लागतील, आणि त्या 210 मधल्या नसतील.

पंधरा वर्षांत रिंगमध्ये ज्यांच्याबद्दल ‘याचं घर रेसवर चालतं’ असं बोललं जायचं, असे तिघे मी जवळून ओळखत होतो. एकाचे दादरला दोन गाळे भाड्याने दिलेले होते. रेसचा पैसा तो वर्षअखेरीस मोजायचा, घर भाड्यावर चालायचं. दुसऱ्याची पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. पगार, निवृत्तिवेतन, औषधोपचार सगळं तिच्या नोकरीतून. तो चांगला खेळायचा, पण ते घर तिने चालवलं, आणि मैदानावर कोणाला तिचं नाव माहीत नव्हतं. तिसरा सगळ्यांत हुशार होता. त्याने स्वतःचे पैसे लावणं केव्हाच सोडलं होतं. दोन व्यापाऱ्यांसाठी तो रेसचा अभ्यास करायचा आणि महिन्याला ठरलेलं मानधन घ्यायचा. म्हणजे त्याने पगारच घेतला.

परदेशी उदाहरणं तुम्ही दिली आहेत, त्याबद्दल थोडंसं. हाँगकाँगच्या रेसवर अफाट पैसा मिळवणारा बिल बेंटर तुम्हाला माहीत आहे. तो 1980 च्या दशकात तिथे गेला, पहिल्याच हंगामात त्याचं आणि भागीदारांचं बहुतेक भांडवल बुडालं. पुढे जे उभं राहिलं ती संगणकाच्या प्रतिमानावर चालणारी, नोकरवर्ग आणि मोठं भांडवल असलेली एक कंपनीच होती, आणि खेळत होती जगातल्या सर्वांत मोठ्या टोटांपैकी एका टोटवर (टोट म्हणजे सगळ्यांच्या पैजांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी व्यवस्था). ब्रिटनमध्ये पैज जिंकणाऱ्याला आयकर नाही, हे खरं. पण तिथले बुकमेकर सतत जिंकणाऱ्या खात्याची मर्यादा काही पौंडांवर आणून ठेवतात, हेही तितकंच खरं. तिकडच्या कुणाचं बघून इथे राजीनामा देऊ नका.

कुठल्या परिस्थितीत माझं उत्तर थोडं बदललं असतं? घरात दुसरं पक्कं उत्पन्न असतं, डोक्यावर कर्ज नसतं, दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवलेला असता, कायदेशीर बाजार असता आणि कर निव्वळ नफ्यावर असता, तर मी म्हटलं असतं, वर्षभर करून बघा. तुमच्याकडे यातलं एकही नाही. दोन गोष्टी तुमच्या हातातल्या नाहीतच, आणि त्या दोन सगळ्यांत मोठ्या आहेत.

आता करायचं काय. नोकरी सोडू नका, आणि फोनवरचा हिशेब पुरा करून थांबवा. तुमची नजर खरी आहे का हे जाणून घ्यायची ओढ मी समजू शकतो, ती वाईट नाही. त्यासाठी दोनशे पानी वही घ्या. पैसे न लावता, सामना सुरू व्हायच्या आधी लिहा: तारीख, निवड, त्या वेळचा भाव, कारण एका ओळीत. मग सामना सुरू होतानाचा भाव लिहा. मग निकाल. पाचशे ओळी होऊ द्या. तुम्ही लिहिल्यानंतर बहुतेक वेळा भाव उतरत असेल तर तुमच्याकडे काहीतरी आहे. भाव दोन्हीकडे सारखाच सरकत असेल, तर 90 हजार तुम्हाला कुठून मिळाले ते कळेल. तुमच्याकडे खरंच काही निघालं, तर क्रीडा विश्लेषणाची पगारी कामं आज पुष्कळ आहेत. संघांना, प्रक्षेपण करणाऱ्यांना, खेळाची आकडेवारी विकणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. आमच्या रिंगमधल्या त्या तिसऱ्याने धरलेली वाट हीच.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही, म्हणून विचारतो, रागावू नका. हे 210 हिशेब तुमच्या पत्नीला माहीत आहेत का? आणि पैसे न लावता सामना बघणं तुम्हाला जमतं का? पहिल्याचं उत्तर नाही असेल, तर आज रात्री वरची करासहितची बेरीज घेऊन त्यांच्यासमोर बसा. दुसऱ्याचं नाही असेल, वही लिहिताना चार दिवसांत हात फोनकडे जाऊ लागला, तर तो हिशेबाचा विषय राहिलेला नाही. मग 14416 वर टेलिमानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी ज्या दोन ओळखीच्यांना तिथे फोन करायला लावला, त्यांच्यापैकी एकाने नंतर मला सांगितलं की पहिली दहा मिनिटं तो नुसता रडत होता आणि पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

वहीच्या पाचशे ओळी झाल्या की आकडे मला कळवा. निवड, घेतलेला भाव, शेवटचा भाव, निकाल, एवढे चार रकाने पुरे आहेत. मी स्वतः बसून बेरीज करून देईन, आणि जे निघेल ते सांगेन.